गुलाब्याची शेपटी

पेंटरचा धंदा म्हणजे दुसऱ्याच्या केसांवर पोट भरणं. न्हाव्याच्या खालोखाल आमचाच नंबर. फरक एवढाच, की न्हाव्यासमोर माणूस आपणहून मान खाली घालून बसतो आणि आम्हाला ज्याचे केस पाहिजेत तो बहुतेक वेळा शिंगं उगारून उभा असतो.

उभ्या हयातीत मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, बैलगाड्या रंगवल्या, लग्नघरांच्या दारांवर हत्ती आणि भालदार काढले. कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण तर इतके काढले, की आमची मंडळी म्हणायची, "गावाला तिरकोन दाखवता आन् आपल्या घरात पंगत बसायलीय, त्याचं काय?" पण त्या रंगकामाचं कौतुक लोकांनी वेळोवेळी केलेलं आहे. ज्याच्यानं हे सगळं काढलं त्या ब्रशाची विचारपूस मात्र आजवर कुणी केली नाही. म्हणून म्हटलं, ती आपणच करावी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. ताडकळसच्या अलीकडे आमचं गाव. चांगला ब्रश पाहिजे तर परभणीला जायचं. तिथल्या दुकानात ब्रश काचेच्या कपाटात ठेवलेले असत आणि दुकानदार ते हातात द्यायच्या आधी आपल्याला खालपासून वरपर्यंत बघत असे. मी एकदा जाऊन आलो. बघून आलो म्हणा. परतीच्या एसटीत ठरवलं, ब्रश घरीच करायचे.

तसं ते अवघड नसतं. चुन्याच्या आणि गेरूच्या कामाला घायपात. रेल्वेच्या कडेनं लय उगवतं. पान ठेचायचं, पाण्यात कुजवायचं, त्याचा वाक, म्हणजे दोऱ्यासारखा धागा, निघतो, तो काठीला बांधला की झाला ब्रश. कुजवलेल्या घायपाताचा वास असा, की आमचा शेजारी मला अंगणात बघितलं की खिडकी लावून घ्यायचा. जाड रेघेला बाभळीची काडी. दात घासायला चावतो तशीच चावायची, पण नेटानं, बराच वेळ. मोठं काम असलं की मी सकाळपासून चार-चार काड्या चघळत बसायचो. लोकांना वाटायचं, पेंटरला दातांची फार काळजी.

खरी अडचण बारीक ब्रशाची. त्याला केस लागतात. खारीच्या शेपटीचे केस उत्तम, असं जाणकार म्हणतात. पण खार ते आपणहून देत नाही, आणि मला झाडावर चढता येत नाही. म्हणून मी बकरीकडे वळलो. बकरीचा केस मऊ. पण गळतो. बाजाराच्या गावी एका हॉटेलाच्या भिंतीवर मी जिलब्यांचं ताट काढलं होतं. ब्रशाचे केस ओल्या तेलरंगात चिकटत गेले आणि मला ते वाळल्यावर दिसलं. हॉटेलवाला महिनाभर गिऱ्हाइकांना सांगत होता, ती भिंत हाय, आमच्या जिलबीला केस नसतेत. शेवटी मी त्याच जिलब्यांवर काळा रंग मारून गुलाबजाम केले.

त्यावरून शहाणा झालो आणि ब्रश नीट करायला शिकलो. आता बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगतो. केस आधी रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, अंगचं तेल गेलं पाहिजे. मग टोकं एका बाजूला आणि मुळं एका बाजूला अशी जुळणी. त्यासाठी केस औषधाच्या बाटलीच्या बुचात टोकं खाली करून उभे करायचे आणि बूच हलकं आपटायचं. सगळी टोकं एका पातळीला येतात. मग दोऱ्यानं बांधायचे आणि मोरपिसाच्या पोकळ दांड्यातून ओढून घ्यायचे. मागून लाख. डिंक नको, डिंक पाण्यात विरघळतो आणि ब्रश भर कामात टक्कल पडून मोकळा होतो. आणि एक गोष्ट जिवात जीव असेपर्यंत पाळायची: केस लांब झाला तर मुळाकडून कापायचा, टोकाला कात्री लावायची नाही. टोक गेलं की केस गेला. मग तो झाडूला बरा.

अक्षरं काढायला सगळ्यात चांगला केस बैलाच्या कानातला. मऊ असतो, पण ओला झाला तरी लगेच ताठ होतो. हे मला कुणी सांगितलं ते आठवत नाही, पण ज्यानं सांगितलं त्यानं तो काढायचा कसा हे काही सांगितलं नाही.

त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या विहाराची भिंत मला रंगवायची होती. बुद्धाच्या मूर्तीमागं पिंपळ. पिंपळाचं पान बघा, त्याला खाली एक लांब निमुळतं शेपूट असतं. तेवढं जमलं तर पिंपळ, नाही जमलं तर विड्याचं पान. माझ्या वडलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून वस्तीला त्या विहाराची आस होती, आणि तिथं मी विड्याची पानं काढून ठेवली असती तर घरात घेतलं नसतं. म्हणून कानातला केस पाहिजेच होता.

काम मी दगडूमामाला सांगितलं. दगडूमामा गावचा न्हावी. माणसांची दाढी, म्हशी भादरणं, पोळ्याच्या आधी बैलांचे वाढलेले केस नीट करणं, सगळं त्याच्याकडे. हात हलका आणि आत्मविश्वास दांडगा. मी म्हणालो, "मामा, पोळ्याच्या आधी बैल तुमच्या हाताखाली येतेतच. कानातले चिमूटभर केस मला ठेवा."

"चिमूटभर कामून? मूठभर घे की," मामा म्हणाला. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

पोळा आठवड्यावर आला आणि मामानं कागदात गुंडाळून केस आणून दिले. काळेभोर, चकचकीत, आणि वीतभर लांब.

"मामा, कानात एवढा लांब केस?"

"लालकंधारी हाय. कान मोठा असतोय."

आता लालकंधारी म्हणजे आमच्या भागातला लाल अंगाचा बैल. त्याचा कान मोठा असतो हे खरं, पण त्यात वेणी घालता येईल इतकाही नसतो. पण केस इतका सुंदर होता, की मी पुढं काही विचारलं नाही. रिठ्यात धुतला, मुळाकडून बेतानं कापला, आणि एकामागून एक असे ब्रश बांधले की बघत राहावं. पिंपळाच्या पानाचं शेपूट एका फटक्यात निघायला लागलं.

पोळा परवावर आला आणि सकाळी सकाळी गिरजाकाकू दारात उभ्या राहिल्या. सोबत दगडूमामा. त्याला काकूंनी उपरण्याला धरून आणलेलं.

"पेंटर, तुझे नवीन बुरूस दाखीव बरं."

मी दाखवले. काकूंनी एक ब्रश उचलला, गालावरून फिरवला आणि मटकन खाली बसल्या. "माजा बैल, गुलाब्याच हाय ह्यो," म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

गिरजाकाकूंचं दुःख समजायचं तर मानाच्या बैलाचं समजलं पाहिजे. आमच्याकडे पोळ्याला मारुतीच्या देवळापुढं तोरण बांधतात, बैलांची मंगलाष्टकं म्हणतात आणि मग तोरणाखालून बैल सोडतात. सगळ्यात पुढं मानाचा. हा मान गावातल्या काही घरांत पाळीनं फिरतो. काकूंच्या घराची मागची पाळी नेमकी मोठ्या दुष्काळात आली होती. दावणीला बैलच उरला नव्हता, चाऱ्यावाचून विकून टाकलेला. त्या वर्षी मान पुढच्या घराकडे गेला, म्हणजे काकूंचे चुलत दीर काशीराव यांच्याकडे, आणि काकूंचे मालक रिकामा कासरा खांद्यावर टाकून काशीरावांच्या बैलामागून चालले. पुढं ते वारले. काकूंनी एक वासरू आणलं, स्वतः भाकर चारून वाढवलं, तोच गुलाब्या. आता पाळी फिरून आली होती.

आणि मानाच्या बैलाला खोड चालत नाही. शिंग मोडकं चालत नाही, डोळा गेलेला चालत नाही, आणि शेपटीचा गोंडा नसलेला बांडा बैल तर अजिबात चालत नाही. मग मान पुढच्या घराला. पुढचं घर काशीरावांचं.

"मामा, तुमी कानातले म्हन्लात ना?" मी विचारलं.

"कानाला कात्री लावली की मुंडी हलवायलाय," दगडूमामा म्हणाला. "डोळा फुटला असता जनावराचा. शेपटीला गुमान उभा ऱ्हायला. म्हन्लं, कान काय आन् शेपूट काय, बैल तर एकच हाय. आन् काकू, कट बगा तरी कसा मारलाय. गोल."

कट खरोखरच गोल होता. मी नंतर गोठ्यात जाऊन बघितला. गुलाब्या शेपटी हलवत होता, म्हणजे हलवायचा प्रयत्न करत होता. खाली गोंडाच नाही म्हटल्यावर माशा निवांत बसलेल्या. काकूंची सून शांता खांबाला धरून रडत होती. काकू गंगाखेडला लेकीकडे गेल्या असताना मामानं "पोळ्याची हजामत करतो" म्हणून तिलाच विचारलं होतं आणि ती बिचारी हो म्हणाली होती.

"पेंटर, लाव आता परत," काकू म्हणाल्या.

"काकू, केस कापलेत मी. बोटभर ऱ्हायलेत."

"मंग दुसरे लाव. बुरूस करतूस ना? तसाच एक मोटा कर. मला मालूम न्हाई काई. माजा बैल पुडं गेला पायजे."

एरवी मला ओसरीच्या पायरीपाशी थांबवणारं ते घर. त्या दिवशी गोठ्यात नेऊन बसायला पाट दिला, वर चहा. बैलाच्या मागल्या बाजूला बसून मी तो प्यायलो. आणि पिता पिता लक्षात आलं की बाई बोलतात ते बरोबर आहे. बैलाची शेपटी म्हणजे तरी काय? दांडा आहे, केस पाहिजेत, आणि दोन्हीला धरून ठेवणारी नळी पाहिजे.

नळीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेतला. रबर आवळून बसतं आणि जनावराला लागत नाही. लाख तर चालणारच नव्हती, ती गरम करावी लागते, आणि गुलाब्याच्या त्या भागाला गरम काही लावायची माझी छाती नव्हती. म्हणून पंक्चरचं सोल्युशन. प्रश्न उरला केसांचा. बकरीचा आखूड, घायपाताचा पांढरा. गावातल्या बायकांकडे कोनाड्यात गुंतावळ साठवलेली असते, केसवाली आली की पिना-सुया घ्यायला; पण गुंतावळ उलगडायची म्हणजे पुढचा पोळा आला असता.

तेव्हा शांता आत गेली आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. तिचं गंगावन. लग्नात माहेरानं दिलेलं, वेणीत घालायचं, गुडघ्यापर्यंत लांब. तिचे स्वतःचे केस विरळ होते आणि ह्या गंगावनाशिवाय ती देवळातसुद्धा जात नसे.

"ह्ये चालंल का?" तिनं विचारलं.

काकूंनी एकदा सुनेकडे बघितलं, एकदा बैलाकडे. "माय, तू काय घालशील?"

"पदर घेते की डोक्यावर," शांता म्हणाली.

मी कामाला लागलो. घरावर छप्पर शाकारतात तसं खालून वर बांधत आलो, एक थर, त्याच्या दोऱ्यावर दुसरा थर. कापायचं काही नव्हतं, टोकाला तर नाहीच. सगळ्यात वर गुलाब्याच्या अंगचे लाल केस चिकटवले, म्हणजे रबर दिसू नये. इतका मोठा ब्रश मी त्याआधी केला नव्हता आणि नंतरही नाही. पहिल्या वेळी बसवला तेव्हा गुलाब्यानं एक माशी हाकलली आणि शेपटी उडून गव्हाणीत पडली. बाजूच्या म्हशीनं ती हुंगली. नळी आणखी अरुंद केली, आत राख चोळली, पुन्हा बसवली. दुसऱ्या वेळी ती सपकन माझ्या कानाखाली बसली. कान लाल झाला, पण नळी जागची हलली नाही. काकू पहिल्यांदा हसल्या. "आता बसली," म्हणाल्या.

पोळ्याच्या दिवशी गुलाब्या नवरदेवासारखा सजला. शिंगांना हुरमुजाचा लाल रंग, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. आम्ही तिघं, म्हणजे मी, दगडूमामा आणि काकू, त्याच्या मागं असे चिकटून चाललो होतो की कुणाला वाटावं बैलाला जुलाब झालेत. तोरणापाशी काशीराव उभेच होते. पांढरंशुभ्र धोतर, फेटा, हातात त्यांच्या बैलाचा कासरा. गावभर कुजबुज झालेली असणारच, कारण दगडूमामाच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला त्यानं आपला गोल कट वर्णन करून सांगितला होता.

काशीरावांनी बैल तपासला. शिंगं बघितली, दात बघितले. मग मागं आले. शेपटी जमिनीपर्यंत लोंबत होती, काळी, चमकदार. त्यांनी नाक ओढलं.

"वैनी, शेपटीला खोबरेल तेलाचा वास यायलाय."

"सनाचं लावलं," काकू म्हणाल्या.

काशीराव वाकले. "आन् ह्यो केसाचा आकडा कशाला?"

गंगावनातला एक आकडा काढायचा राहून गेला होता.

"डागिना हाय," काकू म्हणाल्या. "मानाचा बैल हाय, भावजी. तुमी न्हाई का अंगठी घातली?"

लोक फिसकन हसले. तेवढ्यात भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. शेवटचं कडवं झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि काकूंनी कासरा सैल सोडला. गुलाब्या डौलात निघाला. तोरणाखाली त्याची शिंगं गेली, झूल गेली, आंब्याची पानं तुटून त्याच्या पाठीवर पडली. काकूंनी हात जोडले. कुणाला जोडले ते मी विचारलं नाही, पण त्यांची नजर देवळाकडे नव्हती, बैलामागच्या मोकळ्या जागेकडे होती, जिथून मालक चालले असते.

काशीरावांना राहवलं नाही. ते धावत गेले, दोन्ही हातांनी शेपटी धरली आणि जीव खाऊन ओढली. फट्टकन आवाज झाला. गुलाब्या पुढं गेला आणि काशीराव मागं बसले, चिखलात, हातात शेपटी.

"बांडा!" ते ओरडले. शेपटी उंच धरून सगळ्यांना दाखवायला लागले. "बगा! बैल बांडा हाय! मान खोटा हाय!"

वाजंत्री थांबली. माझे पाय आपोआप वस्तीच्या दिशेला वळले होते. दगडूमामा तर आधीच दिसेनासा झाला होता.

गिरजाकाकू शांतपणे चालत काशीरावांसमोर आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला.

"भावजी, तोरन तुटलं. बैल गेला. तो मागं येत न्हाई आता. आन् तुमी हातात काय धरलंय, ठाव हाय का? आमच्या शांताचं गंगावन हाय ते. सुनंचं. चारचौगात सुनंचे केस धरून सासरा बसलाय, बगायला लय बरं दिसायलंय."

आमच्याकडे चुलत सासरा सुनेच्या वाटेत आडवा येत नाही. ती दिसली तर खोकून बाजूला होतो. आणि इथं काशीराव तिची वेणी हवेत नाचवत होते. त्यांनी हातातल्या वस्तूकडे बघितलं. खोबरेल तेल, आकडा, सगळं एकदम त्यांच्या ध्यानात आलं असणार. त्यांनी ती टाकली नाही, निखारा हातात आल्यासारखी फेकली. बायांच्या बाजूनं हसू सुरू झालं आणि मग गाव आवरेना. भटजीसुद्धा अक्षतांच्या ताटाआड तोंड लपवून हसत होते. शांता पदर सावरत आली आणि गंगावन उचलून घेऊन गेली. काशीरावांचा बैल त्या वर्षी दुसऱ्या नंबरानं गेला, आणि त्याच्या शेपटीकडे कुणी बघितलं नाही.

गंगावन मी रिठ्यात धुऊन, रबर काढून, पहिल्यासारखं करून दिलं. विहाराचा पिंपळ गुलाब्याच्या केसांनी पुरा झाला. वडील बराच वेळ एकेका पानाचं शेपूट बघत उभे होते. मग मला घरात घेतलं. ते ब्रश माझ्याकडे पुष्कळ वर्षं टिकले. आताचे प्लास्टिकचे ब्रश दोन पाट्यांत पसरतात. पाट्याच उरल्या नाहीत म्हणा, सगळं छापून येतं, आणि छापलेल्या बैलाची शेपटी कुणाची होती हे सांगायला कुणी नसतं. त्याचं वाईट वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंनी मला बोलावलं. दाराशेजारच्या भिंतीवर गुलाब्या काढायचा होता. "त्याच्याच केसानं काड," म्हणाल्या. मी काढला. शेपटीपाशी आलो तसा त्यांनी खाटेवरून हुकूम सोडला, "लांब काड." मी गुडघ्यापर्यंत काढली. "आनिक." खुरापर्यंत आणली. "आनिक." शेवटी शेपटी भिंत संपवून, कोपरा वळून, पार रस्त्याच्या बाजूला गेली आणि तिथं मी भला मोठा गोंडा काढला.

काशीरावांची शेताची वाट तिथूनच. येता-जाता ते थांबायचे. आजूबाजूला कुणी नाही असं बघून गोंड्यावर हळूच बोट घासायचे आणि मग ते बोट नाकाशी न्यायचे. एकदा मी काकूंकडे चहाला गेलो होतो, तेव्हा काकूंनी आतून त्यांना बघितलं. खिडकीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "वढा भावजी, खुशाल वढा. ही पक्की हाय."